संतापाचा तास

पोलिसांच्या आवारात मागच्या कोपऱ्याला एक खोली आहे. पूर्वी तिथे गणवेश धुवायचे. नळ अजून भिंतीला आहेत आणि पाणी जावं म्हणून फरशीला उतार आहे, त्यामुळे खुर्चीवर जरा हलून बसलं की ती आपली हळूहळू मोरीकडे निघते. या खोलीत फौजदारबाई नव्याने भरती झालेल्या शिपायांना रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकवायच्या. सरकारी कागदावर या वर्गाचं नाव लांबलचक होतं. आवारात सगळे त्याला संतापाचा तास म्हणायचे आणि खुशाल हसायचे.

हसण्यासारखं होतंच म्हणा. शिकवायचं तर समोर रागावलेला माणूस पाहिजे, आणि तो प्रत्येक वेळी ताजा कुठून आणायचा? शिपायांनी एकमेकांवर रागावून पाहिलं, पण शेजारी बसून डबा खाणाऱ्या दोस्तावर खोटं ओरडायचं म्हणजे अर्ध्यात हसू फुटणारच. शेवटी बाईंनी घरातलाच माणूस उचलून आणला. त्यांचे सासरे. वर्गाच्या भाषेत रागावलेल्या माणसाला ‘गिऱ्हाईक’ म्हणत, आणि मामंजी वर्गाचं कायमचं गिऱ्हाईक झाले.

मामंजी निवृत्त बस कंडक्टर. सुटे पैसे नाहीत म्हणून, बस उशिरा आली म्हणून, बस लवकर गेली म्हणून, अशा सतरा कारणांवरून लोकांनी त्यांना फैलावर घेतलेलं. त्या सगळ्या प्रवाशांची ते वर्गात हुबेहूब नक्कल करायचे. कधी शेजाऱ्याच्या कुत्र्याने वैतागलेला माणूस, कधी घराबाहेर काढलेला जावई, कधी दारू न पिताच झिंगलेला. ते ओरडायला लागले की समोरच्या इमारतीतले कारकून खिडक्या उघडायचे.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती फक्त घरच्यांना ठाऊक होती. सासूबाई गेल्या आणि मामंजींचं बोलणंच आटलं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘दिवा मालव’ एवढ्या भांडवलावर त्यांचा दिवस निघायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते बसायचेच. मुलाने रेडिओ आणून दिला, जुने दोस्त बोलावले, शेवटी पोपट आणायचं घाटत होतं. बाईंनी त्यांना वर्गावर नेलं ते काही फार विचार करून नव्हे, दुसरं कुणी मिळेना म्हणून. त्या दिवशी मामंजी वर्गात घसा फुटेस्तोवर ओरडले, आणि घरी येऊन जेवता जेवता आपणहून म्हणाले, “तो पहिलवान पोरगा बरा आहे गं, पण माणूस बोलत असताना मधे तोंड घालतो.” नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. बाई उठून आत गेल्या आणि नळ सोडून थोडं रडून घेतलं.

आता हा वर्ग बंद व्हायची वेळ आली होती.

झालं होतं असं की शहराच्या तिजोरीतून पोलिसांना त्या वर्षी मिळणार होती ती रक्कम एकच, आणि तिच्यावर डोळा दोघांचा. ठाण्याच्या मोठ्या साहेबांना नव्या ढाली, नवी हेल्मेटं आणि जमलंच तर एक गाडी हवी होती. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं. “बाई, ढाल दिसते. रांगेत मांडली की लोकांना कळतं पैसे कुठे गेले ते. तुमचं ते बोलणं कुठे मांडायचं?” निर्णय द्यायचा होता वित्त समितीच्या अध्यक्षांनी, आणि त्यांना सगळं शहर ‘कात्री’ म्हणायचं. खर्च दिसला की कापायचा, अशी त्यांची ख्याती. आज कात्री स्वतः पाहायला येणार होते, आधी ढाली आणि मग वर्ग.

वर्ग गेला असता तर बाईंना परत परवान्यांच्या खिडकीत बसावं लागलं असतं. ते त्यांनी सोसलं असतं. मामंजींना पुन्हा त्या खुर्चीत बसलेलं बघणं मात्र त्यांच्याने होणार नव्हतं. म्हणून तर पैशांचं हे सगळं त्यांनी मामंजींच्या कानावरही घातलं नव्हतं. आज पाहुणे येणार आहेत, जरा दणक्यात रागवा, एवढंच सांगितलं होतं.

इथे मागच्या खेपेची एक फजिती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिपाई फार सरावलेत असं वाटून मामंजींनी आपला एक बस ड्रायव्हर दोस्त आणला होता. कोट घालून, काखेत फाइल मारून तो वर्गात शिरला आणि म्हणाला, “मी खजिन्यातून आलोय. वर्ग थांबवा, तपासणी आहे.” पहिलवानाने खाडकन सलाम ठोकला. चष्मेवाली म्हणून एक हुशार पोरगी होती, तिने खुर्ची पुसून दिली. सगळे अटेन्शनमध्ये उभे असताना त्या दोस्ताने भिंतीवरचं घड्याळ काढलं, फाइलखाली धरलं आणि सर्वांदेखत चालता झाला. बाईंनी त्या दिवशी वर्गाला असं काही सोलून काढलं की विचारू नका. “समोरचा स्वतःला कुणीही म्हणवून घेऊ दे,” त्या म्हणाल्या होत्या, “राजा म्हणवू दे नाहीतर अध्यक्ष म्हणवू दे. आधी बसवा, मग ऐका. आणि तो आपणहून उठून हात पुढे करेपर्यंत खेळ संपला असं समजायचं नाही.” पोरांनी हे मनावर घेतलं. नको तितकं घेतलं, असं आता म्हणायला हरकत नाही.

तर बाई पुढच्या फाटकाशी मोठ्या साहेबांबरोबर उभ्या होत्या. साहेबांनी ढाली उन्हात अशा मांडल्या होत्या की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. कात्रींचा पत्ता नव्हता. तेवढ्यात मागच्या फाटकाचा पहारेकरी हसत हसत आला. “बाई, तुमचं गिऱ्हाईक आज फारच रंगात आहे. मागच्या बाजूने आलं, शिव्या घालतच वर्गात घुसलं.”

बाईंना जरा हायसं वाटलं. मामंजी लवकर आले म्हणायचे. आणि त्याच क्षणी समोरून, रस्ता ओलांडून, आपला जुना कोट सावरत मामंजी येताना दिसले.

मग आत कोण?

“आलेच,” एवढं साहेबांना म्हणून बाई मागे पळाल्या. त्यांचं हे पळणं बघून मामंजीही मागोमाग निघाले.

वर्गाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे आणि तिचा एक कोपरा फुटलेला आहे, त्यामुळे आतलं दिसतंही आणि ऐकूही येतं. बाईंनी आत डोकावून पाहिलं. खोलीच्या मधोमध लालबुंद होऊन उभे होते ते खुद्द कात्री. बाईंनी त्यांना सभेत पाहिलं होतं, चुकायचा प्रश्नच नव्हता. समोर पहिलवान शांत उभा. बाकीचे भिंतीला टेकून बसलेले. चष्मेवालीने घड्याळ आधीच उतरवून मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

“मी वित्त समितीचा अध्यक्ष आहे,” कात्री ओरडत होते.

“हो साहेब,” पहिलवान म्हणाला. “आधी बसा.”

“तुम्हाला सगळ्यांना घरी बसवीन मी.”

“बसवा ना साहेब. पण आधी तुम्ही बसा.”

“कोट मागच्यापेक्षा चांगला आहे,” चष्मेवाली शेजारणीच्या कानात म्हणाली.

प्रकरण काय होतं ते कात्रींच्या आरडाओरड्यातूनच बाईंना उलगडत गेलं. आपल्यासाठी सजावट मांडायच्या आत ठाणं जसं आहे तसं बघावं, म्हणून ते स्वतः गाडी चालवत लवकर आले होते. गाडी मागच्या गल्लीत लावली, वाट विचारायला दोन पावलं गेले आणि येऊन बघतात तो वाहतुकीचा एक पोरगा चाकाला पिवळा जॅमर लावून मोकळा. तसेच तणतणत ते मागच्या फाटकातून दिसली त्या पहिल्या खोलीत शिरले होते. हे जॅमर गेल्याच वर्षी आले होते आणि वाहतुकीच्या पोरांना त्यांचं भारी अप्रूप होतं, दिसलं चाक की लाव जॅमर. त्यांच्या खरेदीच्या मंजुरीवर सही होती ती कात्रींचीच, आणि हे ते स्वतःच ओरडून सांगत होते, म्हणून त्यांचा राग आणखीच चढत होता.

अखेर ते खुर्चीवर आदळले. खुर्ची मोरीकडे निघाली. पहिलवानाने आपला बूट तिच्या पायाला लावून ती थांबवली आणि समोर दुसरी खुर्ची ओढून बसला. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला.

बाहेर मामंजी बाईंच्या खांद्यावरून बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

“नवा माणूस आणलास होय,” ते हळूच म्हणाले. “बरा करतो. ओरडण्यात दम आहे. सूनबाई, मला सांगायचं होतंस गं. मी काय हट्ट धरून बसलो असतो?”

खिडकीजवळच्या खुर्चीतला चेहरा बाईंना पुन्हा दिसला, डोळ्यांसमोर, इतक्या जवळून. “मामंजी, तसं नाही हो. तो नवा नाही. तो खरा आहे.”

“खरा म्हणजे?”

“खरा म्हणजे कात्री. वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते तोच ठरवणार आहे. मी तुम्हाला बोलले नव्हते.”

मामंजींनी पुन्हा काचेतून पाहिलं. “मग जा ना आत. थांबव त्यांना.”

बाईंचा हात कडीवर होता. आत जाऊन सलाम ठोकावा, माफी मागावी, पोरांना झापावं, कदाचित अजूनही सावरता येईल. पण आत पहिलवान विचारत होता, “गाडीचं बघू साहेब. सकाळपासून आणखी काय काय झालं?” हा प्रश्न बाईंनीच शिकवलेला. आणि कात्रींनी तोंड उघडलं, मिटलं, पेल्यातलं पाणी प्यायले आणि निराळ्याच आवाजात बोलायला लागले.

“सकाळी चहाच्या टेबलावरून माझी मुलगी उठून गेली,” ते म्हणाले. “मी बसलो आणि ती उठली. असंच चाललंय. ती वाचनालयात काम करते. त्यांचे पैसे मी कापले. कापायलाच हवे होते, नाहीतर दवाखान्याचे कापावे लागले असते. पण हे ऐकून कोण घेणार? ऑफिसात जो येतो तो मागायला येतो. घरी गेलो की भिंती. जॅमर लावणारा तो पोरगा तरी माझ्याशी बोलला. ‘काका, इथे नाही लावायची गाडी,’ म्हणाला.”

पहिलवान मान किंचित पुढे करून ऐकत राहिला, बूट खुर्चीच्या पायाला लावून.

“आज मधे तोंड घातलं नाही बघ,” मामंजी पुटपुटले.

बाईंनी कडीवरचा हात काढला. माणूस मनातलं बोलत असताना दार उघडायचं नाही, हा नियम त्यांचाच.

कात्री बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, उठले आणि पहिलवानापुढे हात केला. “बरं वाटलं पोरा,” ते म्हणाले.

झालं. गिऱ्हाइकाने हात पुढे केला म्हणजे खेळ संपला. अख्ख्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. पहिलवानाने तो हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. “काका, तोड नाही तुम्हाला. मुलीचं काढलंत तेव्हा माझ्या पोटात तुटलं. आमचे नेहमीचे आजोबा चांगलं करतात, पण तुमचं काम एक नंबर. चहा घेऊन जा, गिऱ्हाइकाला फुकट असतो.”

कात्री जागच्या जागी थिजले. बाई दार उघडून आत शिरल्या आणि सलाम केला. त्यांना बघून नव्हे, त्यांचा सलाम बघून वर्गाला कळलं. टाळ्या जिथल्या तिथे विरल्या. चष्मेवालीने घड्याळ हळूच बाकाखाली सरकवलं.

“म्हणजे यांना वाटलं, मी सोंग घेऊन आलोय,” कात्री म्हणाले.

“हो साहेब. चूक माझी आहे. मीच त्यांना तसं शिकवलंय.”

“आणि हे पाणी देणं, ऐकून घेणं, तेही सोंगच?”

आता ते रागावलेले नव्हते. राग परवडला असता. भर बाजारात खिसा कापला गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. संतापलेल्या माणसाशी बोलायला शिकवणारी बाई, आणि दुखावलेल्या माणसापुढे तिची बोलती बंद.

पहिलवान मात्र पुढे झाला. मानेपर्यंत लाल झाला होता. “साहेब, तुम्ही खोटे आहात असं मला वाटत होतं, हे कबूल. पण ऐकत होतो ते खरंच. खोटं ऐकायला डोकं लागतं साहेब, तेवढं माझ्याकडे नाही. बाईंना विचारा.”

बाईंनी मान हलवली. मागून कुणीतरी खाकरलं. मामंजी दारात उभे होते, जुन्या कोटाची बटणं लावत.

“मी ते नेहमीचे आजोबा,” ते म्हणाले. “मी सांगू का? मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला पाठ पढवला होता, दार लावून बसलेला म्हातारा. या पोराने दाराबाहेरून विचारलं, जेवलात का? मी पाठ विसरलो. नाही म्हणालो. खरंच जेवलो नव्हतो. बायको गेल्यापासून नीट जेवतच नव्हतो. मग मी ओरडलो, खूप ओरडलो, आणि सगळ्यांना वाटलं म्हातारा काय झकास सोंग करतोय.” ते जरा थांबले. “सोंग वगैरे आपण म्हणायचं साहेब. या खोलीत मी एकही खोटी शिवी दिलेली नाही.”

बाईंनी मामंजींकडे पाहिलं. हे त्यांनाही आजवर माहीत नव्हतं. त्या दिवशी वर्ग फार रंगला म्हणून त्या खुशीत घरी गेल्या होत्या.

कुणी काही बोलायच्या आत मोठे साहेब धापा टाकत आले. “अध्यक्षसाहेब, आपण इकडे? ढाली तिकडे मांडल्यात.”

“असू दे,” कात्री म्हणाले. “आधी माझ्या गाडीचा जॅमर काढा.”

जॅमरची किल्ली ज्याच्याकडे होती तो शिपाई जेवायला गेला होता, आणि कुठे जेवतो हे कुणालाच माहीत नव्हतं. मोठे साहेब त्याच्या नावाने दात ओठ खाऊ लागले. मामंजी म्हणाले, “साहेब, बसने चला माझ्याबरोबर. कुठली बस कुठे जाते ते मी झोपेतही सांगीन.” आणि ज्या माणसासाठी ढाली चकचकीत करून ठेवल्या होत्या तो माणूस त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता, एका निवृत्त कंडक्टरशी बोलत बोलत, फाटकाबाहेर पडला.

पुढचे काही दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. ढाली निम्म्या मंजूर झाल्या होत्या, गाडी कापली गेली होती आणि वर्ग चालू राहणार होता. “आणि वर अशी अट घातलीय,” साहेब पडेल आवाजात म्हणाले, “की वर्गाला ठाण्याच्या प्रमुखानेही बसायचं. म्हणजे मी.”

“या की साहेब,” बाई म्हणाल्या. “आधी बसा, मग बोलू.” आणि बाहेर येऊन व्हरांड्यात एकट्याच हसत सुटल्या.

साहेब पहिल्या दिवशी वर्गाला आले तेव्हा गिऱ्हाईक म्हणून दारात कोण उभं असावं? कात्री. सुटीच्या दिवशी, आपणहून, कुणी बोलावलं नसताना. मुलीचं काय झालं ते त्यांनी चहा पिता पिता मामंजींना सांगितलं. “बसमध्ये तुम्ही म्हणालात तसं केलं. काही समजावायला गेलो नाही, नुसतं विचारलं, तुझा दिवस कसा गेला. आधी भांडली. चांगली कडाडून भांडली. मग बोलली.”

त्या रात्री घरी मामंजींचं तोंड थांबायला तयार नव्हतं.

“राग आहे त्याच्यात, नाही असं नाही,” ते कात्रींबद्दल सांगत होते, “पण एकदम वर चढतो आणि मग पुढे जायला जागाच उरत नाही. रागाला कसं, स्टॉप घेत घेत जायला पाहिजे. पुढच्या खेपेला मी दाखवतो त्याला. आणि तुमचे मोठे साहेब. काय गं तो माणूस. गिऱ्हाईक ओरडायला लागलं तर हा खुर्चीमागे लपला. ढाल असती तर बरं झालं असतं म्हणाला.”

“बाबा, जेवण गार होतंय,” नवरा म्हणाला.

“होऊ दे,” मामंजी म्हणाले. “तर मी काय सांगत होतो?”

बाई दिवसभराच्या दमलेल्या होत्या आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी त्यांनी ताट बाजूला सारलं, हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, “साहेब लपले, तिथपर्यंत आला होतात.” मामंजी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. खिडकीजवळच्या खुर्चीवर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग कधीचा साठला होता, आणि ती रिकामी करा असं घरात कुणीच म्हणत नव्हतं.